लस टोचलेल्या माकडांच्या मुलखात

ब्राझीलमध्ये शिरताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड आमच्याकडे कुणी मागितलं नाही. ते मागतात परतताना, मुंबईच्या विमानतळावर. तेव्हा कामाचं आधी सांगून टाकते. निघायच्या निदान दहा दिवस आधी लस घेतलेली असावी, नाहीतर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसायची पाळी येऊ शकते. २०१६ पासून एकदा टोचलेली लस जन्मभर चालते, त्यामुळे जुनं कार्ड असेल तर फेकू नका. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढचे लोक आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. ती मोजक्याच सरकारमान्य केंद्रांवर मिळते, म्हणून तिकीट काढलं की लगेच वेळ घ्या.

लशीपासूनच सुरुवात करतेय कारण सहलीचं निमित्तच ती होती. मी निवृत्त पशुवैद्य, राहणार सावंतवाडी. भाचा ब्राझीलमध्ये मकाएला तेलाच्या कामावर आहे. त्याने फोनवर सांगितलं, "मावशी, आमच्या जवळच्या रानात सोनेरी माकडं आहेत आणि त्यांना पिवळ्या तापाची इंजेक्शनं देतात." माझा आधी विश्वास बसेना. दाव्याला बांधलेल्या गाईला लाळ्या-खुरकुताची लस टोचायची तर आम्हाला शिंगाला एक, शेपटीला एक आणि शिव्या द्यायला एक अशी माणसं लागायची. हे लोक मोकळ्या रानातल्या माकडांना कसे टोचतात ते बघायलाच हवं होतं.

गुरुवार, रिओ

भाचा घ्यायला आला होता. सामान टाकून थेट मांगिन्योसला गेलो. तिथे ओस्वाल्दो क्रूझ संस्था आहे, सगळे तिला फिओक्रूझ म्हणतात. अव्हेनिदा ब्राझीलच्या धुरकट रहदारीतून एकदम मूरिश घाटाचे मनोरे दिसतात. १९०५ ते १९१८ या काळात बांधलेला हा 'किल्ला' म्हणजे प्रयोगशाळेची इमारत. परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये थाटलेली हाफकिन आठवली. साथीच्या रोगांनी हैराण झालेल्या बंदरांना आपल्या प्रयोगशाळा दिमाखदार लागत असाव्यात.

इथे पिवळ्या तापाची लस १९३७ पासून बनते, कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात विषाणू वाढवून. तिचं मूळ वाण १७डी. ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेत मॅक्स थायलरने तयार केलं आणि त्यासाठी त्याला १९५१ चं नोबेल मिळालं. त्यामागची कथा मात्र आपल्याला जास्त जवळची. १९२७ साली आजच्या घानातल्या असिबी नावाच्या आजारी माणसाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा काढला. आफ्रिकेतली माकडं त्याला दाद देईनात, कारण पिढ्यान्‌पिढ्या ती त्याच्या सोबतीने जगलेली. शेवटी भारतातून आणलेल्या ऱ्हीसस माकडांमध्ये तो वाढला आणि ती माकडं पटापट मेली. म्हणजे माणसाला आणि आता माकडालाही मिळणाऱ्या या लशीच्या मुळाशी आपल्याकडची माकडं आहेत. संग्रहालय दाखवणाऱ्या विद्यार्थिनीला मी हे भाच्याकरवी सांगितलं. तिने दोन्ही हात छातीवर ठेवून "ओब्रिगादा" म्हटलं. मीही माकडांच्या वतीने मान डोलावली.

संध्याकाळी जुन्या बंदरात वालोंगो धक्का पाहिला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लाखो माणसांना या दगडांवर उतरवलं. पिवळा ताप अमेरिका खंडात आला तोही याच व्यापाराच्या जहाजांतून, पिंपांतल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांसोबत. शहरांतून तो हटला (ब्राझीलमधली शेवटची शहरी साथ १९४२ ची), पण तोवर रानात शिरून तिथल्या माकडांत मुरला होता. त्या माकडांना त्याची ओळखच नव्हती. निसर्गात ढवळाढवळ करू नये, मरतील ती मरू द्यावीत, असं म्हणणाऱ्यांना मला एकदा या धक्क्यावर उभं करायचं आहे. हा रोग तिथल्या निसर्गाने कधी मागवला होता?

टीप: वालोंगोला उजेडी जा. खाली उतरता येत नाही, वरूनच पाहायचं.

शुक्रवार, तिजुका

शहराच्या मधोमध असलेलं हे अरण्य माणसांनी लावलेलं आहे. कॉफीच्या मळ्यांनी डोंगर उघडे पडले, झरे आटू लागले, तेव्हा १८६१ पासून झाडं लावायला घेतली. वाटेत पहिल्याच वळणावर ओळखीची पानं दिसली. फणस! बुंध्याला कोवळ्या कुयऱ्या लगडलेल्या. पोर्तुगीजांनी आपल्याकडून नेलेला फणस इथे इतका माजलाय की त्याच्याखाली दुसरं झाड सहसा रुजत नाही. वनखात्याची माणसं त्याच्यावर वैतागलेली आहेत. कुयरीच्या भाजीची कृती मी वाटाड्याला सांगितली. इथे पिकल्या गऱ्यांबरोबर कच्च्या फणसाचंही सारण करून पावात, समोशासारख्या पदार्थात घालतात म्हणे, म्हणजे आशा आहे.

या रानातून बुझिओ, म्हणजे हुप्प्या मारणारं हाउलर माकड, शतकापूर्वीच नाहीसं झालं होतं. रेफाउना नावाच्या प्रकल्पाने ते २०१५ पासून परत आणायला घेतलं. मग पिवळा ताप आला आणि नवी माकडं सोडणं थांबलं. हाउलर या रोगाला सगळ्यात हळवा, चार-पाच दिवसांत आटोपतो. त्यामुळे पुढे जी सोडली ती लस टोचूनच. आम्हाला त्यांचा आवाजही ऐकू आला नाही. मार्मोसेट मात्र दिसले ढिगाने, पर्यटकांच्या हातातल्या पिशव्यांवर डोळा ठेवून. त्यांना काही खायला घालू नका. तोंडावर येणारी आपली साधी पुटकुळी, म्हणजे हर्पिस, या छोट्या माकडांचा जीव घेते.

शनिवार, काझिमिरो द आब्रेऊ

बस वेळेवर निघाली, वेळेवर पोचली, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रिओपासून उत्तरेला बीआर-१०१ महामार्ग. सपाट कुरणं, गिर गाईंचे कळप (होय, आपल्याच गिर, कान लोंबते, वशिंड मोठं, इथे त्यांना भलता मान), आणि मध्येच टेकड्यांवर उरलेले रानाचे तुकडे. अटलांटिक किनाऱ्याचं हे जंगल मूळच्या सुमारे बारा टक्केच शिल्लक आहे आणि सोनेरी माकडाचं सगळं जग या एका साओ जोआओ नदीच्या खोऱ्यात आणि आसपास.

दुपारी फेजोआदा. शनिवारी तो खायचाच असतो. काळे राजमे आणि डुकराचं मांस मंद आचेवर शिजवलेलं. सोबत भात, बारीक चिरून परतलेली हिरवी पालेभाजी, कसाव्याच्या पिठाचा भाजलेला भुगा आणि संत्र्याच्या फोडी. मी डुकराचं खात नाही, म्हणून मालकीणबाईंनी नुसत्या घेवड्याची वेगळी वाटी दिली. लसूण सढळ. ती मी दोनदा मागून घेतली. शाकाहाऱ्यांनी 'सें कार्ने' (मांसाशिवाय) एवढे दोन शब्द पाठ करावेत, आणि तरीही आमटीत डुकराचा तुकडा आहे का हे पुन्हा विचारावं.

रात्री मुक्काम छोट्या पोसादात, म्हणजे घरगुती लॉजमध्ये. मालकीण सत्तरीच्या आसपास, गप्पिष्ट. माकडं बघायला आलोय म्हटल्यावर तिने खुर्ची ओढली. मार्च २०१७ मध्ये रिओ राज्यातला पिवळ्या तापाचा पहिला मृत्यू याच गावच्या माणसाचा झाला. मग लशीसाठी रांगा. पहाटे तीनला लोक स्टूल घेऊन आरोग्य केंद्राबाहेर बसायचे. २०१६ ते २०१८ या साथीत देशभरात दोन हजारांहून जास्त माणसांना लागण झाली, सातशेहून जास्त गेली. "आणि तेव्हा काही मूर्खांनी," ती म्हणाली, "माकडांना दगड मारले, विष घातलं. त्यांना वाटलं माकडं ताप आणतात."

भाचा हे मराठीत सांगत होता आणि मला दोडामार्ग दिसत होतं. २०१६ मध्ये आमच्याकडे माकडताप आला तेव्हाचं. हा विषाणू पिवळ्या तापाचाच भाऊबंद, फक्त पसरवणारी गोचीड. काजूच्या बागेत माकड मरून पडलं की आधी वास यायचा, मग फोन. लोक माकडांच्या नावाने बोटं मोडायचे. वास्तविक मेलेलं माकड म्हणजे सगळ्यात आधी आलेली बातमी. इथेही तसंच. ताप पसरवतात ते हेमागोगस आणि साबेथीस जातीचे डास, झाडांच्या शेंड्यांकडे राहणारे. माकड मेलं तर आरोग्य खात्याला कळतं की विषाणू इथवर आला, आता माणसांना टोचा. सगळी माकडं मारून टाकली तर डास खाली उतरून चावणार कुणाला?

मालकीणबाईंनी झोपायच्या आधी केळं भाजून, वर दालचिनी भुरभुरून दिलं. ते घरी करून बघण्यासारखं आहे.

रविवार, सिल्वा जार्दिम

सोनेरी माकडाला इथे मिको-लेआँव-दोरादो किंवा नुसतं मिको म्हणतात. त्याच नावाच्या संघटनेचं उद्यान सिल्वा जार्दिमजवळ, महामार्गाला लागूनच आहे. माकडं बघायला वाटाड्या बरोबर लागतो आणि आगाऊ नोंदणी करावी लागते. मनाला येईल तेव्हा जाऊन भागत नाही. समोरचं पोसो दास अंतास हे १९७४ मध्ये राखीव केलेलं रान पर्यटकांना बंद आहे. लांब बाह्या, बूट, डासांचं मलम हवंच. ऑगस्ट म्हणजे इथला कोरडा हिवाळा, सकाळी स्वेटर लागला. आम्हाला मास्क लावायला दिले आणि माकडांपासून लांब राहायची ताकीदही. फोटोवर जागेची खूण पडू देऊ नका असंही सांगितलं, कारण चोरून पकडणारे पुन्हा वाढलेत.

वाटाड्या पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंत बूट, हातात घडीचा अँटेना. प्रत्येक गटातल्या एकाच्या गळ्यात रेडिओ पट्टा असतो. अँटेना फिरवायचा, टिकटिक वाढेल त्या दिशेने चालायचं. आम्ही ओढा ओलांडला, चिखलात भाच्याचा बूट रुतला, आणि वरून बारीक, लांबलचक शीळ आली. वाटाड्याने बोट वर केलं.

पाच होती. रंगाबद्दल काय सांगू? हळदीपेक्षा लाल, तांब्यापेक्षा पिवळा, आणि पानातून ऊन पडलं की आयाळ पेटल्यासारखी. फोटोंत ती मोठी वाटतात. प्रत्यक्षात एकेकाचं वजन दोन हापूस आंब्यांएवढं. एकाने झाडावर वाढणाऱ्या ब्रोमेलियाड या वनस्पतीच्या पानांच्या खोबणीत लांबसडक बोटं घातली, आत चाचपलं आणि टोळ काढून डोक्याकडून कुरकुर खाल्ला. एकाच्या शेपटीवर काळ्या रंगाचा पट्टा होता, दुसऱ्याच्या पाठीवर ठिपका. हे केस रंगवायच्या रंगाने केलेलं, कोण कोण आहे ते लांबून कळावं म्हणून. पाठीवर पिल्लू असलेलं थोराड माकड आई असेल असं भाचा म्हणाला. वाटाड्या हसला. बाप होता. जुळी होतात, आणि दूध पिण्याचा वेळ सोडला तर ती बहुतेक बापाच्या आणि मोठ्या भावंडांच्या पाठीवर वाढतात.

पट्टेवाला वळला तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला गोंदलेला नंबर दुर्बिणीतून पुसट दिसला. "वासिनादो," वाटाड्या म्हणाला. टोचलेला.

मग त्याने पद्धत सांगितली, आणि मी पशुवैद्याचे सगळे प्रश्न विचारून त्याला भंडावलं. वाटेत कमरेच्या उंचीचा लाकडी फळीचा मचाण होता, त्यावर पकडायचे जाळीचे पिंजरे ठेवतात. आत केळं. माकडांना मचाणाची सवय होऊ देतात, मग एक दिवस दार पडतं. गट अख्खा धरायचा. अर्धा धरला तर उरलेले सैरभैर होतात. प्रयोगशाळेत नेऊन भूल, वजन, रक्त, दात तपासायचे, कातडीखाली लस, आणि जिथून आणलं त्याच झाडाखाली सोडायचं. पुढे तीच माकडं परत पकडून रक्तात प्रतिपिंडं तयार झाली का ते पाहायचं. युरोपात कोल्ह्यांना रेबीजची लस आमिषात घालून विमानातून टाकतात, तसला सोपा मार्ग इथे नाही. प्रत्येकाला हातात धरूनच टोचावं लागतं. लस तीच, फिओक्रूझमध्ये माणसांसाठी बनते ती. मी ज्या सुईने मुंबईत दंड सुजवून घेतला तिचाच मालमसाला या हापूसभर जिवाच्या अंगात आहे, या विचाराने मला विनाकारण हसू आलं.

आधी बंदिस्त माकडांवर चाचण्या झाल्या. मग सरकारी परवानग्या. धोक्यातल्या रानटी प्राण्याला जिवंत विषाणू टोचायचा म्हटल्यावर खूप वाद झाला, आणि माझ्या मते तो व्हायलाच हवा होता. पण आकडे ऐका. सत्तरच्या दशकात ही माकडं रानात दोनशेच्या आसपास उरली होती. ब्राझीलचे आदेमार कोइंब्रा-फिल्यो, अमेरिकेच्या डेव्हरा क्लायमन अशा लोकांनी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना एकत्र आणलं आणि १९८४ पासून तिथे जन्मलेली माकडं इथे सोडली. आजच्या रानातल्या सुमारे एक तृतीयांश माकडांचे पूर्वज त्या पिंजऱ्यांतले. २०१४ पर्यंत संख्या ३,७०० वर गेली. मे २०१८ मध्ये पिवळ्या तापाने मेलेलं पहिलं सोनेरी माकड सापडलं. पुढच्या मोजणीत २,५०० उरली, आणि पोसो दास अंतासमध्ये तर जवळजवळ सन्नाटा. चाळीस-पन्नास वर्षांची मेहनत एका साथीत खाली आली. यानंतर "निसर्ग बघून घेईल" म्हणत स्वस्थ बसणं कुणाला जमलं असतं?

२०२३ पर्यंत तीनशेहून जास्त माकडं टोचून झाली होती. परत तपासलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांत प्रतिकारशक्ती आलेली दिसली. त्याच वर्षीच्या मोजणीत एकूण संख्या ४,८०० भरली. हे लशीमुळे झालं असं वाटाड्या म्हणाला नाही, आणि मला तो त्यामुळेच आवडला. हजारोंत तीनशे म्हणजे किती! सगळ्यांना टोचायचा बेतच नव्हता. पुन्हा साथ आलीच तर गोतावळ्याचं बी वाचावं, एवढाच हिशेब. बाकी वाढ माकडांनी स्वतःच केली, जिथे रान सलग मिळालं तिथे.

सलग रानाचं महत्त्व उद्यानातल्या निरीक्षण जागेवरून समजतं. खाली बीआर-१०१, चारपदरी झालेला, ट्रकांची रांग. त्यावर एक रुंद पूल आणि पुलावर माती, झुडपं, वाढती झाडं. २०२० मध्ये झालेली ही माकडांची वाट, दोन्हीकडचं रान जोडणारी. आपल्याकडे पेंचला महामार्ग ४४ वाघांसाठी उचलून वर घेतला, इथे रान उचलून रस्त्यावर ठेवलंय. पुलावरची झाडं अजून पुरती जुळलेली नाहीत. मिको जमिनीवर उतरायला कचरतो, त्यामुळे फांद्या फांद्यांना लागेपर्यंत दम धरावा लागणार. वाटाड्याचं म्हणणं, लस हा जखमेवरचा बोळा आहे, टाके हा पूल घालेल.

सोमवार, रोपवाटिका

परतीच्या वाटेवर एका शेतकरी बाईच्या रोपवाटिकेत थांबलो. या भागात बऱ्याच बायका रानातलं बी गोळा करून देशी झाडांची रोपं करतात. संघटना ती विकत घेते आणि रानाचे तुकडे जोडायला लावते. काळ्या पिशव्यांच्या रांगा, वर शेडनेट, कोपऱ्यात शेणखत. आमच्या सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत उभी आहे असं वाटावं, फक्त इथे पैसे वेळेवर मिळतात असं ती म्हणाली. उसाचा रस दिला, लिंबू पिळून. आलं घालत नाहीत हे मला खटकलं.

तिने वीस रेआलची नोट काढून दाखवली. तिच्यावर हेच माकड आहे. मग विचारलं, तुमच्याकडे माकडं मेली की काय करता?

कळवतो, म्हटलं. नमुना घेतात, आसपास गोचिडांसाठी पावडर मारतात, गावात ताप कुणाला आहे ते बघत फिरतात.

"आणि माकडांचं?"

माकडांसाठी काही नाही, हे भाच्याने पोर्तुगीजमध्ये माझ्यापेक्षा मऊ करून सांगितलं असावं, कारण ती नुसती "आह" म्हणाली आणि ग्लास पुन्हा भरला. खरं तर आमच्या वानरांना आणि माकडांना टोचायचा प्रश्नच येत नाही. ती हजारोंनी आहेत, नामशेष व्हायला टेकलेली नाहीत, आणि सगळा पैसा आधी बागेत राबणाऱ्या बाईच्या पायावर चढणाऱ्या गोचिडीसाठी लागतो. हे मी तिला सांगितलं. तिला पटलं. पण मग तिने विचारलं की त्या बागा आधी काय होत्या, आणि मी म्हटलं, रान.

मुंबईला उतरल्यावर आरोग्य खात्याच्या टेबलाशी पिवळं कार्ड हातात तयार ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. माझ्या पुढच्या गृहस्थांचं सामानात गेलं होतं आणि त्यांना बाजूला बसवलं. मी सुटले, आणि पनवेलहून सावंतवाडीची रात्रीची गाडी मिळाली.